रेणूच्या आत अंतर मोजताना

डोळ्याच्या पडद्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनावर प्रकाश पडला की त्याची सहावी सर्पिल साखळी सुमारे अर्धा नॅनोमीटर बाहेर सरकते. म्हणजे मिलिमीटरचा वीस लाखावा भाग. लॉस एंजेलिसला वेन हबेल यांच्या गटाने 2008 साली ही हालचाल मोजली, तीही सूक्ष्मदर्शकाशिवाय, इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वावरून. या तंत्राला पल्स ईपीआर म्हणतात. असंच एक यंत्र मी चालवते, आणि त्याचं अप्रूप अजून ओसरलेलं नाही.

इलेक्ट्रॉन हे चिमुकलं चुंबक असतं, प्रोटॉनच्या सुमारे 658 पट ताकदीचं. रेणूत ते बहुधा जोडीने राहतात आणि एकमेकांचं चुंबकत्व पुसून टाकतात. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन मात्र चुंबकीय क्षेत्रात ठरावीक वारंवारितेच्या मायक्रोवेव्हला प्रतिसाद देतो. महायुद्ध चालू असताना, 1944 मध्ये, काझान विद्यापीठात येवगेनी झावोयस्की यांनी हे पहिल्यांदा पाहिलं. अणुकेंद्रकांच्या अशाच अनुनादासाठी ब्लॉख आणि पर्सेल यांना 1952 चं नोबेल मिळालं. झावोयस्कींना ते कधीच मिळालं नाही. माझ्या मते तो अन्यायच.

बहुतेक प्रथिनांत एकटा इलेक्ट्रॉन नसतोच. म्हणून आपल्याला हव्या त्या दोन जागी नायट्रॉक्साइडचे छोटे रेणू चिकटवतात. प्रत्येकाकडे एक एकटा इलेक्ट्रॉन. त्या द्रावणात थोडं ग्लिसरॉल घालायचं, नाहीतर गोठताना बर्फाचे स्फटिक होऊन प्रथिनं एका जागी गोळा होतात. मग काही मिलिमीटर जाडीची क्वार्ट्‌झची नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवायची आणि यंत्रात उणे 223 अंशांवर ठेवायची.

तिथे 0.34 टेस्लाचं क्षेत्र असतं, मायक्रोवेव्ह 9.5 गिगाहर्ट्झची. पहिला स्पंद 16 नॅनोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम पाच मीटर जातो. या स्पंदाने सगळे इलेक्ट्रॉन एका दिशेला आडवे होतात आणि फिरू लागतात, पण प्रत्येकाचा वेग किंचित वेगळा, म्हणून पांगतात. थोड्या वेळाने दुसरा स्पंद त्यांचा क्रम उलटा करतो. पुढे गेलेले मागे पडतात, मागचे पुढे येतात, आणि नेमक्या तेवढ्याच वेळानंतर सगळे पुन्हा एका रेषेत येतात. त्या क्षणी उमटणारा क्षीण संकेत म्हणजे प्रतिध्वनी. एर्विन हान यांनी तो 1950 मध्ये अणुकेंद्रकांत शोधला. इलेक्ट्रॉनांत तो 1958 मध्ये मिळाला.

यंत्र बनवणाऱ्यांची खरी कसोटी इथेच लागते. स्पंद असतो जवळजवळ एक किलोवॅटचा, प्रतिध्वनी त्याहून अब्जावधी पटींनी दुबळा, आणि दोन्ही नमुना ज्यात असतो त्या एकाच पोकळीतून, काही शे नॅनोसेकंदांच्या अंतराने. सुतळी बॉम्ब फुटल्या फुटल्या टाचणी पडल्याचा आवाज टिपण्यासारखं हे आहे. चांगली पोकळी ऊर्जा बराच वेळ घुमवत ठेवते, म्हणून इथे ती मुद्दाम बिघडवावी लागते: नमुना खाली सोडला की मी अँटेना वरखाली करते, पडद्यावरची अनुनादाची अणकुचीदार खाच पसरट होईपर्यंत. स्पंद संपेपर्यंत संग्राहकापुढचं संरक्षक स्विच बंद असतं. ते वेळेआधी उघडलं, तर नाजूक ॲम्प्लिफायर जळतो.

अंतर मोजण्याची युक्ती सायबेरियातली. नोवोसिबिर्स्कमध्ये मिलोव, सालिखोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये दुसऱ्या वारंवारितेचा एक जादा स्पंद वापरला. तो जोडीतल्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला उलटा करतो. पहिल्याला ते जाणवतं आणि प्रतिध्वनी वरखाली होऊ लागतो. अंतर एक नॅनोमीटर असेल, तर या डोलण्याची वारंवारिता साधारण 52 मेगाहर्ट्झ असते. अंतर दुप्पट झालं की ती एक अष्टमांश होते, साडेसहा मेगाहर्ट्झ. आलेखावरची लाट मोजायची, अंतर हाती येतं. पुढे माइन्झमध्ये चार स्पंदांची पद्धत निघाली, आणि आज जगभर बहुतेक ठिकाणी तीच चालते. लांबची अंतरं हवी असतील तर पाण्याऐवजी जड पाणी वापरतात, कारण साध्या हायड्रोजनची केंद्रकं इलेक्ट्रॉनांची लय लवकर मोडतात.

स्फटिक न बनवता, गोठलेल्या द्रावणात, प्रथिनाचे एकाच वेळी असलेले वेगवेगळे आकार दाखवणारी पद्धत म्हणून मला ही फार मोलाची वाटते. 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, अनेक संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात. तिथे असं यंत्र असेल तर चालवणाऱ्याला सांगा, प्रतिध्वनी पडद्यावर दाखवा. आनंदाने दाखवतील.