व्हॅनच्या पोटाचीही काळजी घ्या

पावसाळा तोंडावर आला की आपण घराची कौले चाळतो, छत्र्या दुरुस्त करून आणतो. दारातल्या व्हॅनच्या पोटाकडे मात्र कुणी वाकून पाहत नाही. मी दर मे महिन्यात टॉर्च घेऊन पाहतो. आमची व्हॅन बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला नेहमी ये-जा करते आणि घरातली लहान-थोर सारी तिच्यातच बसतात.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो. कन्नडमध्ये त्यालाच आपण 'तुक्कु' म्हणतो. मिठाची जोड मिळाली की तो झपाट्याने वाढतो. त्यामुळे घाटातला चिखल आणि किनाऱ्यावरची खारी हवा, दोन्ही वाईटच. चाकाने उडवलेली खडी खालचा रंग टवके पाडून उडवते, मग गंज आतल्या आत पसरतो. मडगार्डमध्ये अडकलेला चिखल तर पाऊस थांबल्यावरही ओल धरून ठेवतो.

हा प्रश्न दिसण्यापुरता नाही. बहुतेक छोट्या व्हॅनना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. आसने आणि सीटबेल्ट त्यालाच बोल्टने आवळलेले असतात. तोच पोखरला, तर अपघातात पट्टा धरणार कशाला? शिवाय २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादन थांबले. जुनी गाडी जपण्याला म्हणूनही महत्त्व आहे.

यावर उपाय म्हणजे खालच्या भागाला डांबरयुक्त किंवा रबरयुक्त कोटिंग. हा जाड थर खडीचा मार सोसतो, पाणी पत्र्यापर्यंत जाऊ देत नाही आणि रस्त्याचा आवाजही थोडा कमी करतो.

मात्र काम करून घेताना गॅरेजमध्ये उभे राहावे. आधी चिखल धुऊन पत्रा पूर्ण वाळू द्यावा, गंज खरवडून प्रायमर लावावा, मगच कोटिंग. गंजावर थर चढवला तर ओल आतच कोंडते. दारांखालची पाणी निथळण्याची भोके बुजवू नयेत. सायलेन्सर, ब्रेक आणि फिरणाऱ्या शाफ्टवर फवारा उडू देऊ नये. सरकत्या दाराखालची पट्टी आणि चाकांवरच्या कमानी विसरू नयेत.

एकदा कोटिंग केले म्हणजे कायमचे सुटलो, असेही नाही. थराला चीर गेली की पाणी आत शिरते आणि वरून काही दिसत नाही. म्हणून पावसाळा संपला की गाडी खालून धुवावी, चीर दिसेल तिथे पुन्हा हात मारून घ्यावा.