पेणच्या डोक्यावरून रोह्याच्या डोक्यावर

"आजोबा, विमानानं रोह्याच्या आत्याकडे किती वेळात पोचू?"

पेणच्या गच्चीवर अंथरुणं घातली होती. वर एक दिवा मिचकावत दक्षिणेकडे निघाला होता, त्यावरून हा प्रश्न.

पेणला विमानतळ नाही, रोह्यालाही नाही. पण म्हणून प्रश्न सोडायचा कशाला? आधी अंतर काढू, बाळा.

एसटीनं वडखळ, नागोठणं करत गेलं की चाळीसेक किलोमीटर होतात. रस्त्याला वळसे घ्यावे लागतात, पाखराला नाही. पाखराचं अंतर आपण ध्रुवाला विचारू. हात लांब करून मूठ धर. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. ध्रुव बघ, क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठी वर आहे. आपलं पेण १८.७ अक्षांशावर, रोहा १८.४ वर. तिथे ध्रुव ०.३ अंश खाली दिसणार, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीहून थोडा जास्त. आता गंमत बघ. १११ किलोमीटर दक्षिणेला गेलं की ध्रुव एक अंश उतरतो. मग ०.३ अंशाला किती? ३३ किलोमीटर! रोहा पेणच्या जवळपास नाकासमोर दक्षिणेला आहे, म्हणून हा हिशेब इतका सरळ सुटतो.

"म्हणजे सरळ रेघ?"

नाही रे, इथेच तर खरी नवलाई आहे. गणपतीच्या कारखान्यातला शाडूचा मोठा गोळा डोळ्यांपुढे आण. त्यावर दोन ठिपके दे आणि मधे दोरा ताण. दोरा गोळ्याला बिलगून वाकतो. खरी सरळ हवी तर गोळ्यातून सुई आरपार घालावी लागेल. तसा पेणहून रोह्याला जमिनीतून बोगदा खणला, तर मध्यावर तो समुद्रसपाटीच्या सुमारे २१ मीटर खाली जाईल. सात मजली इमारत उभी मावेल तिथे! आणि एवढं खणून अंतर किती वाचेल? जेमतेम चार सेंटिमीटर. दोन बोटं. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा चुकलंच म्हणून तीनदा तपासलं होतं.

"पण वेळ?"

बगळा ताशी ४० किलोमीटरनं उडाला तर पन्नास मिनिटं, समोरून वारा असेल तर जास्त. मोठं जेट विमान ताशी ८५० नं जातं, त्याला दोन मिनिटं वीस सेकंद. पण हा वेग उंचावरचा. पेणहून उडून दहा किलोमीटर वर चढायला त्याला वीसेक मिनिटं लागतील, तोवर खाली रत्नागिरी जवळ आलेली असेल. रोह्यासाठी त्याला चढायलाच सवड नाही.

तेवढ्यात दुसरा दिवा आला, अगदी डोक्यावर. घरघर मात्र मागच्या बाजूनं ऐकू येत होती, कारण तेवढ्या उंचीवरून आवाजाला खाली यायला अर्धं मिनिट लागतं आणि विमान काही थांबत नाही.

"मोज," मी म्हटलं, आणि आत्याला फोन लावून गच्चीवर जायला सांगितलं.

एकशे बारा, एकशे तेरा... पोरगा श्वास रोखून मोजत होता. एकशे अडतीसला फोनमधून आवाज आला, "अगं बाई, आलं की गं डोक्यावर!"