चढ किती, हे रेषा ठरवते

जगातला सर्वांत तीव्र चढाचा रस्ता हा मान अनेक वर्षे न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरातील बाल्डविन स्ट्रीटकडे होता. २०१९ मध्ये गिनेसने तो वेल्समधल्या हार्लेक गावातील फोर्द पेन ल्लेख या रस्त्याला दिला आणि २०२० मध्ये पुन्हा बाल्डविन स्ट्रीटला बहाल केला. या काळात दोन्ही रस्ते तसूभरही बदलले नव्हते. बदलली होती ती मोजमापाची रेषा.

चढ मोजायला दोन अंतरे लागतात : आडवे किती गेलो आणि उंची किती वाढली. उंचीला आडव्या अंतराने भागून शंभराने गुणले की टक्केवारी मिळते. शंभर मीटर आडवे जाताना रस्ता दहा मीटर चढला, तर चढ १० टक्के. इथे आडवे अंतर म्हणजे नकाशावरचे अंतर. रस्त्याची लांबी त्याहून थोडी जास्त भरते.

टक्के आणि अंश यांची गल्लत मात्र करू नये. १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत नव्हे, तर ४५ अंशांचा कोन. १० टक्क्यांचा चढ सहा अंशांपेक्षाही कमी असतो. बाल्डविन स्ट्रीटचा ३४.८ टक्के चढही जेमतेम १९ अंशांचा आहे.

रेल्वे हीच गोष्ट गुणोत्तरात सांगते. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या घाटांतला चढ १ : ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. टक्क्यांत तो सुमारे २.७ भरतो. रस्त्यावर एवढा चढ किरकोळ वाटेल. पण पोलादी रुळांवर पोलादी चाकांची पकड कमी, म्हणून तिथे गाड्यांना जादा बँकर इंजिने जोडावी लागतात.

टक्केवारीचा मोठा उपयोग असा, की वाहनाला खाली ओढणारे बल तिच्यावरून लगेच कळते. नेहमीच्या चढांवर ते वजनाच्या जवळपास तितकेच टक्के असते. २० टनांचा ट्रक ५ टक्के उतारावर असला, तर एक टन वजनाइतके बल त्याला सतत खाली खेचत असते.

आता वळणाकडे येऊ. वळणावर रस्त्याच्या आतल्या आणि बाहेरच्या कडा सारखीच उंची चढतात, पण आतली कड कमी अंतरात चढते. त्यामुळे आत चढ तीव्र आणि बाहेर सौम्य. हार्लेकच्या वळणदार रस्त्याचा ३७.४५ टक्क्यांचा आकडा आतल्या कडेचा होता. मध्यरेषेवर तो २८.६ टक्केच भरला आणि सरळसोट बाल्डविन स्ट्रीट पुढे गेला. मध्यरेषेचा हा निकष मला योग्य वाटतो, कारण तो वळणदार आणि सरळ रस्त्यांना एकाच मापाने तोलतो.

घाटरस्ते आखताना याच भूमितीची दखल घ्यावी लागते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार तीव्र डोंगराळ भागात सर्वसाधारण चढ ६ टक्क्यांपर्यंत ठेवतात, पण हेअरपिन वळणावर तो २.५ टक्क्यांवर आणतात. वळताना आणि चढताना लागणारा जोर एकाच जागी एकवटू नये, हा त्यामागचा हेतू.

घाट उतरताना हे गणित ध्यानात ठेवा. खाली खेचणारे बल क्षणभरही थांबत नाही, ब्रेक मात्र सतत दाबल्याने तापून निकामी होऊ शकतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, गाडी न्यूट्रल करू नका आणि आतल्या बाजूने वळण घेताना वेग आधीच कमी करा.