पाखरांवर बंदूक: शेतमालकाची परवानगी पुरेशी आहे का?

गणपती झाले की हिरकणीवाडीच्या वरकस उतारावर नाचणीची कणसे भरू लागतात आणि खालच्या खाचरात भात दुधावर येते. मुनिया, सुगरणी आणि पोपट थव्याने उतरतात ते याच दिवसांत. गावाला आलेले चाकरमानी आणि त्यांचे पाहुणेही तेव्हा घरात असतात. त्यातला एखादा एअरगन घेऊन येतो आणि विचारतो, "काका, शेतात पाखरं फार झालीत. मारू का दोन-चार?" नुकसानीने वैतागलेले आपण सहज "मार" म्हणून जातो. हा एक शब्द किती महागात पडू शकतो आणि त्याऐवजी पीक कसे वाचवावे, ते पाहू.

जमीन आपली, पाखरू आपले नाही

सातबारा आपल्या नावावर असला तरी शेतात उतरलेला पक्षी आपल्या मालकीचा होत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार संरक्षित पक्ष्याची शिकार हा गुन्हा आहे. शिकार म्हणजे फक्त गोळी घालणे नव्हे. विष घालणे, फासा लावणे, जाळ्यात पकडणे, अंडी किंवा घरटे मोडणे हे सगळे त्यात येते.

या कायद्यात २०२२ मध्ये झालेली सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी होती आणि कावळा त्या यादीत होता. आता ती यादीच राहिलेली नाही. म्हणून "कावळा मारला तर चालतो" हे जुने ऐकीव धरून चालू नका. पोपट, मुनिया आणि सुगरण हे पक्षी संरक्षित आहेत. मोर तर अनुसूची १ मध्ये आहे.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची १ मधील पक्ष्यासाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद, शिवाय दंड. हत्यार आणि वाहनही जप्त होऊ शकते.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. गुन्ह्याला मदत करणारा किंवा चिथावणी देणाराही याच कायद्याने दोषी ठरतो. पाहुण्याने छर्रा मारला आणि "मार" आपण म्हणालो, तर चौकशी आपल्याही दारात येते.

"पण माझ्याकडे परवाना आहे"

कोकणात अनेक घरांत शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. निवडणुकीच्या वेळी ती पोलीस ठाण्यात जमाही करावी लागते. हा परवाना शस्त्र कायद्याखालचा आहे. बंदूक बाळगायला तो चालतो. पक्षी मारायला तो पुरेसा नाही. परवाना ज्याच्या नावे आहे, त्याने हौसेखातर बंदूक पाहुण्याच्या हाती देऊ नये.

एअरगनचेही तसेच. कमी ताकदीच्या काही एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, एवढेच खरे. त्यातून सुटलेल्या छर्ऱ्याने पक्षी मेला तर ती शिकारच. गलोलीलाही हाच नियम.

रानडुकरासाठी कुणाला मिळालेली परवानगी पाखरांना लागू होत नाही.

मोबाईलवर विलायतेतले व्हिडिओ दिसतात. शेतकऱ्याला विचारून माणसे कबुतरे मारताना दिसतात. तिथला कायदा वेगळा आहे. तिथेसुद्धा ठरावीक पक्ष्यांसाठी सरकारी परवाना आणि जमीनमालकाची परवानगी अशा दोन्ही गोष्टी लागतात.

कायदेशीर वाट कोणती?

उभ्या पिकाचे गंभीर नुकसान होत असेल, तर अनुसूची २ मधील प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी आदेश देऊ शकतो. असा आदेश हातात असेल तरच पुढचा विचार करायचा. मग आदेश असलेल्या माणसाने पुढील रीत पाळावी:

- ज्याच्या जमिनीवर जायचे, त्याची आधी परवानगी घ्यावी. जमीन सामाईक असेल तर सहहिस्सेदारांना आणि कसणाऱ्यालाही विचारावे.
- पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि लगतच्या शेतकऱ्यांना दिवस व वेळ कळवावी.
- वाडी, पायवाट, रस्ता, गोठा आणि वीजतारांच्या दिशेने नळी धरू नये. हिरकणीवाडीत रायगडच्या रोपवेचे खालचे स्थानक आहे. वर्षभर पर्यटकांची ये-जा असते. झाडीमागे कोण आहे हे दिसत नाही.
- मेलेला पक्षी घरी नेऊ नये, खाऊ नये. आदेशाखाली मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता असतो.

आदेश नसेल, तर पाहुण्याला द्यायचे उत्तर एकच: "बाबा, पाखरं हाकलायला ये, मारायला नको."

मारण्यापेक्षा राखण का बरी?

दोन पाखरे मारून थवा कमी होत नाही. आवाज झाला की तो उडतो, शेजारच्या शेतात बसतो आणि थोड्या वेळाने परततो. खरे नुकसान कणीस दुधावर असल्यापासून दाणा टणक होईपर्यंतच्या दिवसांत होते. तेवढे दिवस नेट लावून राखण केली, तर पीक हाती लागते.

- वेळ: सूर्योदयानंतरचे दोन तास आणि संध्याकाळचे दोन तास राखण चुकवू नका. पाखरे तेव्हाच जास्त खातात.
- एकत्र लागवड: एकट्याचे शेत आधी पिकले की सारे थवे त्याच्यावर तुटून पडतात. शेजाऱ्यांनी सारख्या कालावधीचे वाण एकाच सुमारास लावावे.
- चमकणारी रिबन: लाल-रुपेरी रिबन पिकाच्या थोडी वर, साधारण पाच मीटर अंतराने, पीळ देऊन ताणून बांधावी. वारा लागला की ती चमकते आणि आवाज करते.
- बदल: बुजगावणे, डबे, रिबन यांची जागा चार-पाच दिवसांनी बदला. एकाच जागी राहिलेल्या वस्तूला पाखरे सरावतात.
- पक्षीथांबे: किडी खाणाऱ्या कोतवालासाठी लावलेले थांबे दाणा भरू लागताच काढून घ्या. नाहीतर दाणे खाणारे पक्षी तिथेच बसतात.
- जाळी: रोपवाटिका किंवा छोट्या तुकड्यावर जाळी ताणून बसवावी. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात. रोज फेरी मारा, अडकलेला पक्षी सोडवा.

विष लावलेले दाणे टाकू नका. ते खाऊन कोंबड्या, गुरे आणि कुत्रीही मरू शकतात. मेलेले जनावर खाणारी गिधाडेही विषाला बळी पडतात. आपल्याच जिल्ह्यात, म्हसळा तालुक्यातील चिरगावला, गिधाडे टिकावीत म्हणून काम चालू आहे. कार्बाइडची पाइप बंदूकही टाळा. तिच्या स्फोटाने डोळे जातात.

राखणीलाही रीत असते

उतारावरच्या शेतात गोफणीचा दगड खालच्या खाचरात जातो आणि तिथे कापणी करणारी माणसे असू शकतात. म्हणून गोफण वरच्या अंगाला, मोकळ्या बाजूला फिरवा. दगडाऐवजी चिकणमातीचा गोळा बरा. फटाके वाजवण्याआधी शेजाऱ्याला हाक द्या; दावणीची गुरे बुजतात. सुके गवत असेल तिथे फटाका नकोच. रिबन बांधावरून पलीकडे न्यायची असेल तर आधी विचारा.

आपण हाकललेले पाखरू शेजाऱ्याच्याच शेतात जाते. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी पाळीने एकत्र राखण करावी. यातून मजुरी वाचते आणि भांडणही टळते.

नुकसान झाल्यास

तारखेसह फोटो काढा, गट क्रमांक आणि अंदाजे क्षेत्र लिहून वनरक्षकाकडे व कृषी सहायकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पक्ष्यांच्या नुकसानीला भरपाई मिळेलच असे धरून चालू नका. पण नोंदच नसेल तर मागणीला आधार राहत नाही. कुणी बंदूक घेऊन शेतात फिरत असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

कृषी सहायकांनी ऑगस्टमधल्या शेतीशाळेत हा विषय घ्यावा. थवे उतरल्यावर आणि पाहुणे घरी आल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेले लक्षात राहते.