मागून कोणी मारलं?

मंडळी, मागच्या लेबर डेच्या पिकनिकला 'बाबा विरुद्ध मुलं' सामन्यात आम्ही एक चोरटी धाव काढायला निघालो आणि तिसऱ्याच पावलाला मागून कोणीतरी पायावर बॅट हाणली. वळून पाहिलं तर मागे कोणीच नाही. यष्टिरक्षक केव्हाच समोशांच्या टेबलापाशी पोचला होता.

ॲकिलिस टेंडन तुटलेले बहुतेक जण हेच सांगतात, हे आम्हाला नंतर कळलं. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी ही कंडरा शरीरातली सर्वांत जाड. आणि ती तोडून घेणाऱ्यांत तिशी-चाळिशीतले, आठवडाभर खुर्चीत बसून सुट्टीला एकदम धावणारे पुरुष पुष्कळ. म्हणजे आपली निम्मी कार्यकारिणी!

पुढच्या चार दिवसांतला आमचा मूर्खपणा सांगण्यासाठीच हा लेख आहे. पाय फारसा दुखत नव्हता. बोटं हलत होती, लंगडत का होईना चालता येत होतं. तेव्हा 'मुरगळला' असं निदान आम्हीच करून टाकलं. एका काकूंनी आंबेहळदीचा लेप सुचवला, सौ.ने तो गरम करून लावला, वर क्रेप बँडेज. इन्शुरन्सचं डिडक्टिबल अजून भरून व्हायचं होतं, हेही एक कारण, लपवायचं कशाला?

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पालथं झोपवलं, पावलं टेबलाबाहेर काढली आणि पोटऱ्या दाबल्या. चांगल्या पायाचं पाऊल आपोआप खाली वळलं. दुसरं ढिम्म हललं नाही. थॉम्पसन चाचणी म्हणतात तिला, दहा सेकंदांचं काम. बोटं हलतात ती वेगळ्या स्नायूंनी, आणि पूर्ण तुटलेली कंडरा मुरगळलेल्या घोट्यापेक्षा कमी दुखू शकते. महिनाभर असेच राहिलो असतो तर तुटलेली टोकं दूर सरकून मोठी शस्त्रक्रिया लागली असती.

मग प्रश्न, शस्त्रक्रिया करायची का? नॉर्वेतल्या पाचशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वर्षअखेर शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्यांच्या हिंडण्याफिरण्यात फरक दिसला नाही. मात्र पुन्हा तुटण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेविना शंभरात सहा, शस्त्रक्रियेनंतर एकाहूनही कमी. उलट शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा आणि नसेला इजा होण्याचा धोका. आम्ही टाचेखाली पाचरी घातलेला बूट निवडला. एकेक पाचर काढत पाऊल हळूहळू सपाट करायचं.

आत आधी रक्त साकळतं, सूज येते. मग काही आठवडे शरीर कोलॅजेनचे नवे धागे घालतं, पण पिंजलेल्या कापसासारखे, वाटेल तसे. त्यांना ओढीच्या दिशेने लावायला बेताबेताने भार द्यावा लागतो, आणि ते काम वर्षभर चालतं. म्हणून हल्ली पाय प्लास्टरमध्ये निजवून ठेवण्यापेक्षा बुटातून लवकर भार देण्याकडे कल आहे. घातक असतो तो तिसरा महिना. दुखणं थांबलेलं, पण कंडरा कच्ची. आम्ही दुधाचा गॅलन घेऊन जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो हे ऐकून आमची थेरपिस्ट (बडोद्याची, मराठी उत्तम) चांगलीच रागावली. "काका, दुखत नाही म्हणजे जुळलं असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

टाचा उचलण्याचा व्यायाम आधी बसून, मग दोन्ही पायांवर, मग एकावर. एका पायावर सलग वीस जमले तेव्हा नववा महिना लागला होता.

जाता जाता एक. भारतात पोट बिघडेल म्हणून आपण सिप्रोफ्लॉक्सासिन बरोबर नेतो. त्या जातीच्या औषधांनी कंडरा तुटू शकते, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ पासून माहितीपत्रकात छापायला लावला आहे. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. डॉक्टरांना विचारून घ्या.

यंदाच्या सामन्याला पाच आठवडे आहेत. पाय धड असलेल्या बाबांनी आजपासून कठडा धरून, पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर उचलाव्यात आणि सावकाश खाली आणाव्यात. स्कोअर लिहायला आम्ही आहोतच.