रायझिंगहिल : छडी नाकारणारी शाळा

१९४४च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडमध्ये मुलांची अकराव्या वर्षीच परीक्षा घेऊन त्यांना वेगवेगळ्या शाळांत पाठविले जाई. हा भेद न करता सर्वांना एकत्र शिकविते ती सर्वसमावेशक माध्यमिक शाळा. लंडनच्या इझ्लिंग्टन भागात चार शाळा एकत्र करून १९६० साली रायझिंगहिल ही अशीच शाळा सुरू झाली. तेथे गरीब वस्तीतील, नाना देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले शिकत. मुख्याध्यापक मायकेल ड्यूएन यांनी छडीची शिक्षा बंद केली. शिस्त बिघडल्याची टीका झाली. अनेक पालकांनी व विद्यार्थ्यांनी विरोध करूनही १९६५ मध्ये ही शाळा बंद करण्यात आली. ज्या निर्णयापायी ड्यूएन यांना बोल लावला गेला, तोच १९८७ पासून इंग्लंडच्या सरकारी शाळांसाठी कायदा ठरला.