चिरेबंदी वाडा आणि मामा तलाव

संपन्न घराण्याचा ऱ्हास हा पडद्याला नेहमीच मानवणारा विषय आहे. टॉमस मान यांच्या १९०१ सालच्या 'बुडनब्रूक्स' कादंबरीतील ल्युबेकच्या धान्यव्यापाऱ्यांची कथा १९२३, १९५९ आणि २००८ साली जर्मन चित्रपटांतून पुन्हा पुन्हा सांगितली गेली. विदर्भाजवळ त्या तोडीची कथा आहे ती महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'ची. विजया मेहता यांनी १९८५ साली हे नाटक रंगभूमीवर आणले व पुढे 'हवेली बुलंद थी' या हिंदी दूरचित्रपटाचे रूपही त्याला दिले. येथे पेढी नाही, जमीन आहे. परंतु हिशेब तोच. अंगणात ट्रॅक्टर गंजत उभा आहे आणि घराण्याच्या प्रतिष्ठेची किंमत मोजीत आहेत शिक्षण नाकारलेली प्रभा आणि मुकाट्याने राबणारा चंदू.

परंतु घराण्याचा ऱ्हास वाड्याच्या भिंतींआडच संपतो काय? चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे या प्रश्नाचे निराळे उत्तर देतात. या झाडीपट्टीत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या कौशल्याने धानासाठी तलाव बांधले गेले. इंग्रजी अमदानीत ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे माजी मालगुजारी तलाव लोकांच्या तोंडी 'मामा तलाव' झाले. मालगुजारीसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. तिचे जाणे न्याय्यच होते. मात्र मालकाच्या हक्काबरोबर देखभालीची जबाबदारीही निराधार झाली. कित्येक तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या. वाडा पडला तर एक कुटुंब उघड्यावर येते. तलाव फुटला तर सारे गाव.

सरकारने मालकी घेतली, पण तलावाशी रोजचा संबंध गावाचाच राहिला. तेव्हा गाळ काढण्याचा निधी आणि पाण्याच्या वाटपाचा अधिकार ग्रामसभेच्या हाती एकत्र देणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय. जबाबदारी एकाकडे व अधिकार दुसऱ्याकडे, या व्यवस्थेत चंदूचीच गत गावाच्या वाट्याला येते.

ही कथा सांगण्यास वडशाच्या नाटकमंडळ्यांहून योग्य कोण? रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तिचा प्रेक्षक तर या तलावांच्याच काठी राहतो. एलकुंचवारांची नाट्यत्रयी वाड्याकडून तळ्याकाठी आणि तेथून 'युगान्ता'तील दुष्काळाकडे जाते. झाडीपट्टीला तळ्याकाठीच थांबता येईल. तेवढा अवधी अजून हाती आहे.